तंबू पाण्याकाठी, गाव पाण्याखाली

बालमित्रांनो, तुम्ही कधी तंबूत झोपला आहात का? शाळेच्या शिबिरात झोपला असाल, तर तुम्हाला सगळं आठवत असेल. खाली सतरंजी, उशाला दप्तर, कानाशी डासांचं गाणं आणि पाठीखाली नेमका एक टोचणारा दगड! सतरंजी कितीही सरकवली, तरी तो दगड आपल्याबरोबर सरकतोच.

पण आज मी ज्या तंबूची गोष्ट सांगणार आहे, त्यात पलंग होता. पलंगावर जाड गादी, कोपऱ्यात पंखा, भिंतीला आरसा. भिंतीला म्हणजे कापडाला, बरं का! मागच्या बाजूला चकचकीत फरशीची न्हाणी आणि तिच्यात वरून पाणी सोडणारा फवारा. माझा भाचा आत शिरला, त्याने चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, हा तंबू नाहीच. हॉटेलला रेनकोट घातलाय!"

अशा राहण्याला अलीकडे 'ग्लॅम्पिंग' म्हणतात. ग्लॅमर म्हणजे झगमगाट आणि कॅम्पिंग म्हणजे तंबू ठोकून राहणं. या दोन शब्दांची धडक झाली आणि हा तिसरा शब्द तयार झाला. शब्द नवा असला तरी हौस मात्र जुनीच आहे. आपल्या मराठीतच पाहा ना: तंबू, राहुटी, डेरा, शामियाना, कनात. घरं सोडून कापडाखाली राहण्यासाठी केवढे हे शब्द! मोगल बादशहा प्रवासाला निघे, तेव्हा त्याच्याकडे तंबूंचे दोन संच असत. एका संचात बादशहा झोपलेला असताना दुसरा संच पुढच्या मुक्कामी जाऊन उभा राहायचा. त्याला 'पेशखाना' म्हणत. म्हणजे बादशहाला तंबू उभा राहीपर्यंत ताटकळावं लागू नये!

आम्हाला मात्र पेशखाना नव्हता. होती फक्त शनिवार-रविवारची सुटी, आणि मे महिन्याचा शेवटचा आठवडा.

दगडातल्या राहुट्या

पुण्याहून पहाटेच निघालो. नाशिकच्या रस्त्याने राजगुरुनगर मागे पडलं, मंचर मागे पडलं आणि नारायणगावहून आम्ही जुन्नरकडे वळलो. रात्रीचा मुक्काम आंबेगाव तालुक्यात होता, पण वाटेत थोडी वाकडी वाट करून लेण्याद्री पाहायचं ठरवलं होतं.

जुन्नर हा तालुका मोठा श्रीमंत आहे. पैशाने म्हणत नाही मी, पाहण्यासारख्या गोष्टींनी! शिवनेरीवर १६३० साली शिवरायांचा जन्म झाला. ओझर आणि लेण्याद्री ही अष्टविनायकांतली दोन ठाणी इथलीच. नाणेघाट इथलाच. २०१८ साली तर राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं.

लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना घामाच्या धारा लागल्या. वर पोचलो आणि एकदम गारवा! डोंगराच्या पोटात कोरलेलं ते भलंमोठं दालन, मध्ये एकही खांब नाही आणि तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या. गणपतीचं देऊळ याच दालनात आहे. पण हे दालन कोरलं गेलं ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, बौद्ध भिक्खूंच्या राहण्यासाठी. भिक्खू एरवी गावोगाव फिरत. पावसाळ्यात मात्र चिखल-पुरातून फिरणं कठीण, म्हणून तीन महिने एका जागी राहत. त्या काळात त्यांना डोक्यावर छप्पर हवं, झोपायला ओटा हवा आणि प्यायला पाणी हवं. जुन्नरच्या आसपासच्या डोंगरांत अशी दोनशेहून अधिक लेणी आहेत.

"म्हणजे हे त्यांचं ग्लॅम्पिंगच की!" माझी लेक म्हणाली. ती चौथीतून पाचवीत गेली आहे आणि नवा शब्द मिळाला की तो दिवसभर वापरते.

तसं पाहिलं तर तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण या खोल्या फुकट तयार झाल्या नाहीत. कुणीतरी त्यांचा खर्च दिला. कुणी खोली दिली, कुणी पाण्याचं टाकं दिलं, आणि देणाऱ्यांची नावं भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरून ठेवली. त्यात व्यापारी आहेत, कारागीर आहेत, आणि गंमत म्हणजे परदेशी पाहुणेसुद्धा आहेत! जुन्नरच्या लेण्यांमधल्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दान दिल्याचं लिहिलं आहे. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूचा पश्चिमेकडचा माणूस. आणि पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. दुसऱ्या एका यवनाने भोजनाचा मंडप दिला आहे.

विचार करा हं. हा इरिल कुठून कुठून आला असेल. त्या काळी परदेशी माल कोकणातल्या बंदरांत उतरायचा, बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाट चढायचा आणि जुन्नरच्या पेठेत यायचा. नाणेघाटात आजही एक मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असं सांगतात. अशा वाटेने आलेला हा पाहुणा. त्याचं घर, त्याचा धंदा, त्याचा चेहरा, काहीच आपल्याला माहीत नाही. माहीत आहे ते एवढंच, की तो मागे दोन टाकी पाणी ठेवून गेला.

लेण्याच्या ओट्यावर बसून आम्ही पाणी प्यायलो. भाच्याने रिकामी बाटली कठड्याशी ठेवली आणि उठला. चार पावलं गेल्यावर स्वतःच थांबला, परत आला, बाटली उचलून पिशवीत टाकली. मी काहीच बोलले नव्हते, बरं का!

तालुक्याला नाव देणारं गाव

दुपारी जुन्नरहून घोडेगावला आलो. घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. आता एक कोडं घालते. तालुक्याचं नाव आंबेगाव, पण कचेरी घोडेगावला आणि मोठी बाजारपेठ मंचरला. मग खुद्द आंबेगाव कुठे आहे?

भाच्याने नकाशा पाहिला. फोनवर शोधलं. "मावशी, इथे तर सगळं निळंच दिसतंय," तो म्हणाला.

त्याचं उत्तर बरोबर होतं, पण ते त्याला अजून कळलं नव्हतं.

घोडेगावहून पश्चिमेला, भीमाशंकरच्या रस्त्याला लागलो की शिनोलीनंतर डिंभे धरण लागतं. घोड नदीवरचं हे धरण. त्याच्या जलाशयाचं नाव आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. मुंबईच्या गिरणीत कामाला गेलेला हा तरुण १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाने भरलेल्या ट्रकपुढे आडवा झाला आणि त्यातच त्याचा प्राण गेला.

डिंभ्यात साडेतेरा टीएमसी पाणी मावतं. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. एक टीएमसी म्हणजे सुमारे दोन हजार आठशे तीस कोटी लिटर! आता साडेतेराने गुणून बघा. मी वर्गात मुलांना हे गणित घालते, तेव्हा शून्यं लिहिताना पाटी पुरत नाही.

याच पाण्याच्या काठावर, एका उतारावर आमचे तंबू होते. एकूण चार. ज्या तरुणाचे ते तंबू, त्याचीच ती जमीन. मोठ्या कंपनीचं काही नाही. कर्ज काढून त्याने हे उभं केलं होतं. उतारावर वर त्याचं घर, घरासमोर अंगण आणि अंगणात वाळत घातलेला हिरडा. हिरडा ठाऊक आहे ना? आवळा, बेहडा आणि हिरडा मिळून त्रिफळा होतो. औषधाला लागतो, कातडी कमवायला लागतो. इथल्या महादेव कोळी लोकांचं पावसाळ्यात भातावर आणि उन्हाळ्यात या हिरड्यावर पुष्कळसं चालतं. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा इकडची हिरड्याची कितीतरी झाडं मोडून पडली. झाड पुन्हा फळायला वर्षं लागतात. मग घरातल्या तरुणाने तंबूंचा विचार केला, तर त्यात नवल काय?

मुलं न्हाणीघरात शिरली. फवारा सोडला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. हाका मारूनही बाहेर येईनात. आणि मग एकदम फुस्स! पाणी बंद.

तो तरुण धावत आला. "बाई, टाकी संपली. शेजारच्या तंबूतली मंडळी पण आत्ताच अंघोळीला गेलीत. लाईट आली की मोटर लावतो. तोवर..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आतच वरच्या घरातून एक आजी खाली आल्या. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी. हंडा उतरवून आमच्या दाराशी ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. लेकरं साबणाची र्‍हायली आसतील."

साबणाच्या फेसात उभी असलेली माझी दोन लेकरं त्या हंड्याकडे बघतच राहिली.

"आजी, समोर एवढं मोठं धरण आहे. मग तुम्ही हंड्याने पाणी कुठून आणता?" लेकीने विचारलं.

"हिरीवरनं."

"मग धरणाचं पाणी?"

आजींनी पूर्वेकडे हात केला. "त्ये तिकडं जातं."

तिकडे म्हणजे कुठे, ते मी मुलांना सांगितलं. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांचा मिळून कुकडी प्रकल्प होतो. त्याच्या कालव्यांचं पाणी पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांत जातं. त्यावर ऊस होतो, भाजीपाला होतो, हजारो घरांच्या चुली पेटतात. ते पाणी वाया जात नाही. पण धरण असतं खाली आणि वाड्या असतात वर डोंगरावर. पाणी उताराने वाहतं, आपण होऊन चढत नाही. म्हणून काठावरच्या माणसाला समोरचं पाणी दिसतं, पण उन्हाळ्यात त्याच्या घरात ते पोचेलच असं नाही.

संध्याकाळी आजी आमच्याबरोबर पाण्याच्या कडेला आल्या. मे महिना असल्यामुळे पाणी खूप उतरलं होतं. काठाला वाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता आणि त्याला खवल्यांसारख्या भेगा पडल्या होत्या. पलीकडे दोन माणसं होडीतून जाळं ओढत होती.

"त्या टेकाडाच्या अंगानं बघ," आजी लेकीला म्हणाल्या. "त्याच्या खाली आमचा वाडा व्हता. म्होरं देऊळ. देवळाम्होरं बाजार भरायचा. मी तुझ्यायेवढी आस्ताना हितं बाजाराला यायचे."

"कुठे, आजी? तिथे तर पाणी आहे."

"तेच तर. त्येच आंबेगाव."

भाचा एकदम माझ्याकडे वळला. त्याला नकाशातल्या निळ्या रंगाचं उत्तर सापडलं होतं. ज्या गावाने तालुक्याला नाव दिलं, ते गाव धरणात गेलं. त्याच्याबरोबर आजूबाजूच्या आणखी गावांची घरं आणि शेतं गेली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं, की जुन्या बांधकामांचे अवशेष कधी कधी वर दिसतात. पाऊस आला, की पुन्हा झाकले जातात.

विस्थापित झालेली माणसं मात्र हात बांधून बसली नाहीत. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात ती पीक घेऊ लागली. त्याला गाळपेर म्हणतात. जलाशयात मासेमारी करण्यासाठी त्यांनी आपली सहकारी सोसायटी काढली. 'शाश्वत' नावाची संस्था त्यांच्याबरोबर उभी राहिली. या कामासाठी 'शाश्वत'ला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जी नदी आपलं गाव घेऊन गेली, तिच्याच पाण्यात जाळं टाकून पोट भरायचं. सोपं नसणार ते.

आजी मात्र त्याबद्दल काही बोलल्या नाहीत. त्यांनी पळसाच्या पानांचे द्रोण केले, त्यात करवंदं भरली आणि मुलांच्या हातात दिली.

काजव्यांची वेळ

अंधार पडू लागला, तसा तंबूंच्या भोवती झगमगाट सुरू झाला. रंगीत दिव्यांच्या माळा, चार कोपऱ्यांवर चार मोठे पांढरे दिवे. शेजारच्या तंबूतल्या मंडळींनी स्पीकर लावला. गाणं असं जोरात, की आमच्या तंबूचं कापड थरथरत होतं.

मुलांना काजवे पाहायचे होते. त्यासाठी तर मे महिन्याचा शेवट निवडला होता! पहिल्या पावसाच्या आधीचे हे दोन-तीन आठवडे म्हणजे सह्याद्रीत काजव्यांची दिवाळी. समोर हिरड्याची आणि जांभळाची झाडं होती, पण काजवा एकही दिसेना.

"दिसतील कसं?" आजी म्हणाल्या. "आंधार कुटं हाय?"

काजवा हा एक लहानसा भुंगेरा आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी एक रसायन असतं. त्याचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग झाला की प्रकाश पडतो. आपला जुना पिवळा बल्ब हात भाजेल इतका तापतो, कारण त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जाते. काजव्याचा दिवा मात्र थंडगार! हा दिवा तो आपल्या करमणुकीसाठी लावत नाही. ती त्याची हाक असते. नर उडताना लुकलुकतो, खाली बसलेली मादी लुकलुकून उत्तर देते. मग त्यांची भेट होते, मादी अंडी घालते आणि पुढच्या वर्षीचे काजवे जन्माला येतात. मोठा काजवा जेमतेम काही आठवडेच जगतो. तेवढ्या दिवसांत ही हाक आणि उत्तर झालं नाही, तर संपलं. आता अशा वेळी शेजारी मोठा पांढरा दिवा लावला तर? तुमच्या कानाशी ढोल वाजत असताना पलीकडून मित्राने कुजबुजून मारलेली हाक तुम्हाला ऐकू येईल का?

मी त्या तरुणाला म्हटलं, "जरा दिवे बंद करता येतील का?"

तो अवघडला. "बाई, मला कळतंय ओ. पण गिऱ्हाईकाला सांगायचं कसं? नाराज झाले तर पुन्हा येत नाहीत. हप्ता तर दर महिन्याला भरायचाय."

त्याचंही खरं होतं. मुलांनो, मोठ्या माणसांच्या जगात असे पेच फार असतात. दोन्ही बाजू खऱ्या असतात आणि मध्ये कुणीच बोलत नाही.

मी विचार करत होते, तेवढ्यात दोन्ही मुलं गुपचूप शेजारच्या तंबूकडे गेलेली दिसली. हातात करवंदांचा द्रोण होता. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. एका काकांनी आधी मान हलवून नाही म्हटलेलं दिसलं. मग त्यांच्यातल्या एका ताईंनी द्रोणातलं करवंद उचललं आणि काकांना काहीतरी म्हणाल्या.

स्पीकर बंद झाला. एक एक करून दिवे विझले. भाचा परत येऊन म्हणाला, "अर्धा तास दिलाय फक्त!"

पहिल्यांदा तर काहीच दिसेना. डोळ्यांपुढे नुसता काळोख. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. हळूहळू आकाश दिसू लागलं आणि चांदण्या इतक्या, की लेकीने माझा हात धरला. मग जांभळाच्या एका फांदीवर एक ठिणगी लुकलुकली. विझली. दुसरी लुकलुकली. आणि बघता बघता त्या एका झाडावर शेकडो ठिणग्या एकदम पेटू लागल्या, एकदम विझू लागल्या. झाड जणू श्वास घेत होतं. बाकीच्या झाडांवर तुरळकच होते. पण ते एक झाड पुरेसं होतं. शेजारच्या तंबूतली मंडळीही बाहेर येऊन उभी होती. कुणीच बोलत नव्हतं.

अर्ध्या तासाने स्पीकर पुन्हा लागला. नाही लागला असं सांगितलं असतं, तर गोष्ट जास्त गोड झाली असती. पण लागला. मात्र आवाज आधीपेक्षा पुष्कळच हळू होता आणि ते चार मोठे दिवे पुन्हा कुणी लावले नाहीत.

शांततेची गरज फक्त काजव्यांनाच असते असं नाही हं! इथून पूर्वेला, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी नावाची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, आणि अशा ३० तबकड्या! आकाशातून येणाऱ्या अगदी क्षीण रेडिओ लहरी त्या टिपतात. तिथे जाताना मोबाइल बंद ठेवायला सांगतात, कारण आपल्या खिशातल्या मोबाइलची बडबड त्या तबकड्यांच्या दृष्टीने आरडाओरडाच ठरते. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे मोठं प्रदर्शन भरतं. शाळेतल्या बाईंकडे किंवा सरांकडे हट्ट धरा!

झोपण्यापूर्वी त्या तरुणाने बजावून सांगितलं, "रात्री पोरांना एकटं बाहेर सोडू नका. विजेरी घेऊनच निघा." कारण? बिबट्या! जुन्नर-आंबेगावात बिबटे पुष्कळ आहेत. धरणांचं पाणी आलं, पाण्यावर ऊस आला आणि उसाच्या दाट रानात बिबट्याला लपायला, पिल्लं वाढवायला जागा मिळाली. माणसांवर हल्ले होतात, माणसं जातात, लहान मुलंही जातात. बिबटेही पिंजऱ्यात सापडतात, विहिरीत पडतात. अशा बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे. आपल्याला एका रात्रीपुरती वाटणारी भीती इथली मुलं शाळेच्या वाटेवर रोज बरोबर घेऊन चालतात.

पाटीवरचा लेख

सकाळी उठले तर मुलं तंबूत नव्हती. मी घाबरून बाहेर आले. दोघं आजींच्या अंगणात बसली होती. समोर एक फळी आणि रंगाचा डबा. त्या तरुणाकडून त्यांनी तो मागून घेतला होता. अक्षरं वेडीवाकडी होती, एक 'र्‍हस्व' 'दीर्घ' झाला होता. तो मी आधी पाहिला, कारण मास्तरकीची सवय जात नाही! फळीवर लिहिलं होतं:

'काजव्यांची वेळ रात्री ८ ते ९. दिवे आणि गाणी बंद. अंघोळ बादलीने. पाणी आजींच्या विहिरीचं आहे.'

"आता दादाला कुणाला काही सांगावं लागणार नाही," लेक म्हणाली. "पाटीच सांगेल."

मग भाचा जरा लाजत म्हणाला, "मावशी, त्या इरिलने दोन टाकी दिली होती. आमच्याकडे फळीच होती."

त्या तरुणाने फळी हातात घेतली, वाचली, पुन्हा वाचली. लगेच काही बोलला नाही. मग खिळे आणि हातोडी घेऊन आला आणि चारही तंबूंच्या वाटेवर जिथे सगळ्यांना दिसेल, अशा आंब्याच्या खांबावर ती ठोकली. पुढचे पाहुणे ती वाचतील का? वाचून ऐकतील का? ते मला ठाऊक नाही. निघताना आजींनी लेकीच्या ओंजळीत मूठभर हिरडे घातले. ते आजही आमच्या कपाटात आहेत.

तुम्ही जाणार असाल तर

सुटीत तुम्हीही आईबाबांबरोबर इकडे याल. जरूर या. तुमच्या येण्याने इथल्या घरांत चार पैसे येतात. फक्त काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. भीमाशंकर हे १९८५ सालापासून अभयारण्य आहे, आपल्या राज्यप्राण्याचं, शेकरूचं घर. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्री शिरू नका. काजवे बाटलीत भरू नका. धरणाच्या पाण्यात उतरू नका, गाळ वरून कोरडा दिसला तरी आत पाय रुततो.

आणि पालकांसाठी एक विनंती. पावसाळ्यात हिरव्यागार डोंगराच्या अगदी पोटाशी असलेली जागा कितीही सुंदर दिसली, तरी मुक्कामाला निवडू नका. याच डिंभ्याच्या परिसरात माळीण गाव आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी, मुसळधार पावसात डोंगराचा कडा त्या गावावर आला आणि १५१ माणसं गेली. नंतर गावाचं दुसऱ्या जागी पुनर्वसन झालं. इकडे आलात तर तिथे क्षणभर थांबा, आवाज न करता.

आता तुमचा गृहपाठ! तुमच्या घरच्या नळाला पाणी कोणत्या धरणातून येतं, ते शोधा. ते धरण बांधताना कोणकोणती गावं पाण्याखाली गेली, ते आजी-आजोबांना, शिक्षकांना विचारा. त्या गावांची नावं वहीत लिहा. माझ्या लेकीने तिच्या वहीच्या पहिल्या पानावर एकच नाव लिहिलं आहे, मोठ्या अक्षरात: आंबेगाव.